रोजच्या भाकरीचा विश्वास

ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी तारणाचा विचार आहे. पापाच्या बंधनातून माणसाची होणारी सुटका हे त्याच्या पुण्यसंचयाचे फळ नसून देवाने येशू ख्रिस्ताच्या ठायी दिलेले दान आहे, असे हा विचार सांगतो. या दानाला कृपा म्हणतात, आणि ते रिकाम्या हातांनी, कोणताही हक्क न सांगता स्वीकारणे म्हणजे विश्वास. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे मांडले, आणि सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने त्यालाच धर्मसुधारणेचा पाया केले. मात्र हा सिद्धांत पटला म्हणजे सारे साधले असे होत नाही, कारण तारण एकदा मिळत असले तरी जगायचे रोज असते, आणि ज्या देवावर मरणानंतरचा भार टाकला त्याच्यावरच उद्याच्या भाकरीचा भार टाकणे माणसाला पुष्कळदा अधिक कठीण जाते.

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत, तरी या विचाराला लागणारी मनोभूमी येथे परकी नाही. नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला असे परंपरा सांगते. विठ्ठलाशी ज्यांची एवढी जवळीक, त्या नामदेवांनाही संतांच्या मेळ्यात कच्चे मडके ठरवले गेले आणि आपल्या भक्तीचा अभिमान उतरवून गुरूच्या पायाशी यावे लागले, ही कथा येथे घरोघरी ठाऊक आहे. वारकरी भक्ती आणि ख्रिस्ती तारणविचार एक नव्हेत. ख्रिस्ती विचाराची सारी भिस्त वधस्तंभावरील मरण आणि पुनरुत्थान यांवर आहे. तरीही स्वतःच्या पुण्याईचा टेंभा मिरवू नये, ही शिकवण दोन्हीकडे आहे. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, ते याच नात्याच्या जाणिवेने.

विश्वासाने मिळालेले तारण आणि रोजचे अवलंबून राहणे यांतील संबंध मराठी मुलखात सर्वांत स्पष्ट दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला; पण ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, स्वतः ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धानुभवाच्या निवेदनात, कबूल केले. धर्मग्रंथांचा एवढा व्यासंग असलेल्या या विदुषीला, ज्ञान आणि सत्कर्म यांच्या बळावर देवासमोर उभे राहता येत नाही, हे उमगायला आणखी काही वर्षे जावी लागली. निराधार स्त्रिया आणि मुलींसाठी त्या करत असलेल्या कार्याला बोस्टनमधील एका संस्थेने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. ती मुदत 1898 साली संपत आली, तेव्हा 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींनी केडगाव येथील त्यांच्या आश्रमाचा परिसर भरला होता. ठरलेली मदत संपत होती आणि पंगत वाढत होती. इंग्लंडमध्ये केवळ प्रार्थनेच्या आधारावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते, आणि तोच मार्ग त्यांनी या आश्रमासाठी, म्हणजे मुक्ती मिशनसाठी धरला.

दुष्काळाच्या काळातील केडगावच्या विहिरींचा उल्लेख रमाबाईंच्या चरित्रात येतो. दिवसभराच्या उपशाने विहिरी संध्याकाळी कोरड्या पडत आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी पुन्हा साठलेले असे. निर्गम या पुस्तकात अरण्यातल्या इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारे अन्न, असेच रोजच्या रोज मिळे आणि साठवून ठेवलेले नासून जाई. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजची. साठा नसणे ही या दृष्टीने देवाची हेळसांड नसून त्याच्याशी रोज बोलण्याची निकड आहे.

अशा अवलंबनाला आळसाचे नाव देणे अन्यायाचे होईल. हिंगोलीचा कोरडवाहू शेतकरी सोयाबीनचे बियाणे गोणपाटात गुंडाळून त्याची उगवण तपासतो, बीजप्रक्रिया करतो आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत पेरणीला हात घालत नाही. पाऊस आपल्या मेहनतीची मजुरी नव्हे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि म्हणूनच जमीन तयार ठेवण्यात तो कसूर करत नाही. कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे याकोबाच्या पत्रातील म्हणणे पौलाच्या विरोधात जात नाही ते याच अर्थाने. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणवल्या, मुलींना विणकाम, शेती आणि छपाई शिकवली. कर्म हे तारणाचे मोल नव्हते, ते तारण लाभल्याची कृतज्ञता होती.

या विश्वासाची खरी कसोटी मागितलेले मिळते तेव्हा लागत नाही. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक कन्या आणि कार्याची वारस मनोरमा वारली. मुलींसाठी भाकर देणाऱ्या देवाने मनोरमेला का राखले नाही, याचे उत्तर कोणत्याही सिद्धांतात नाही, आणि ते असल्याचा आव श्रद्धावंतानेही आणू नये. रमाबाई मात्र हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्याच्या कामाला लागून राहिल्या, ते पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. देवाकडून जे मिळते त्यापेक्षा देणारा मोठा आहे, असे मानणाऱ्यालाच हे जमते. रोज मागणाऱ्याचे हात रोज भरतीलच असे वचन ख्रिस्ती श्रद्धा देत नाही. ज्याच्याकडे मागायचे तो सोडून जाणार नाही एवढेच ती सांगते, आणि माणसाला दिवसाच्या कामाला उभे करण्यास तेवढे पुरते.