चिंचोक्यांची साक्ष

सातवीच्या वर्गात गणिताचा तास चालू होता. गुरुजींनी आपल्या हातातील खडू खाली ठेवला आणि ते म्हणाले, "कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. ते अंक आधी उतरत्या व मग चढत्या क्रमाने मांडा. मोठ्या संख्येतून लहान वजा करा आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा करा."

एकाने १२३४ घेतली. ४३२१ मधून १२३४ वजा जाता ३०८७ आले. पुढे ८३५२ आणि मग ६१७४. त्यानंतर कितीही खटपट केली तरी ६१७४ च! इतर पाट्यांवरही अखेर तीच संख्या अवतरली. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली उजेडात आणलेली ही संख्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती हाती येतेच.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, प्रत्येक वजाबाकीला नवाने भाग जातो!"

"का बरे?" गुरुजींनी विचारले.

पहिल्या बाकावरचा हुशार विद्यार्थी उत्तरला, "तसा नियमच आहे." पण नियमामागचे कारण त्याला सांगता येईना.

शेवटच्या बाकावर एक मुखदुर्बळ मुलगा बसे. त्याची उत्तरे बरोबर असत. परंतु उभे राहताच शब्द घशात अडकत आणि वर्ग हसे. आज तो चुळबुळ करीत होता. गुरुजी म्हणाले, "शब्द सुचत नसतील तर हातांनी सांग."

त्याने खिशातून चिंचोके काढले. दहांतून नऊ बाजूला सारले, एक उरला. "शंभरातूनही नवांचे गट काढले की एकच उरतो, हजारातूनही एकच," तो हळूहळू बोलू लागला. "म्हणून संख्येतून नवांचे गट काढले की तिच्या अंकांच्या बेरजेइतके चिंचोके उरतात. अंकांच्या जागा बदलल्या तरी बेरीज तीच. वजाबाकीत उरलेल्यांतून उरलेले गेले. राहिले फक्त नवांचे गट."

वर्ग स्तब्ध झाला. कोणी हसले नाही. ती मुलगी म्हणाली, "पुन्हा एकदा सांग ना!"

दुसऱ्या वेळी त्याने चिंचोक्यांना हातही लावला नाही.

उत्तर वहीत उतरले म्हणजे गणित आले, असे आपण समजतो. परंतु आपल्याला उमगलेले दुसऱ्याला उमगेल असे सांगता येते, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने आपले होते. त्यासाठी कधी शब्दांआधी मूठभर चिंचोके लागतात, आणि ऐकून घेणारा वर्ग तर नेहमीच लागतो.