जबाब दुसऱ्यांदा विचारावा लागला तेव्हा

लिहिलेले सेव्ह झाले नाही आणि गेले, ही तक्रार संगणकावर काम करणारा प्रत्येक जण करतो. पण गेलेल्या मजकुराची किंमत शेवटी कोण मोजतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आम्हालाही तो एका आजींनी शिकवला.

मागच्या पावसाळ्यात मराठवाड्यातील एका वस्तीत आम्ही दोघे कार्यकर्ते गेलो होतो. आजींच्या नवऱ्याची अंत्ययात्रा स्मशानाच्या वाटेवर अडवली गेली होती. अर्ज तयार करायचा होता. एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने लॅपटॉपवर लिहायचे, असे ठरले. मोबाइलचे नेट जोडून आम्ही एका ऑनलाइन एडिटरमध्ये थेट टाइप करत होतो. आजी दीड तास बोलल्या. कोण आडवे उभे राहिले, कोण काय म्हणाले, शेवटची एसटी जाऊन किती वेळ झाला होता, सगळे सांगितले. अडवणाऱ्यांपैकी एक जण मान खाली घालून बाजूला झाला, हेही सांगितले. मग आम्ही सेव्हचे बटण दाबले. समोर लॉगिनचे पान आले. मागे गेलो तर चौकट कोरी होती.

आजींना पुन्हा विचारावे लागले. त्या म्हणाल्या, "एकदा सांगितलं की रे बाबा. परत कशाला उकरायला लावता?" तरी त्या बोलल्या, पण या वेळी वीस मिनिटेच. मान खाली घालून बाजूला झालेला माणूस या वेळी आलाच नाही. आम्हाला तो आठवत होता, पण जबाब आजींचा होता. आमच्या आठवणीतले त्यांच्या तोंडी घालणे बरोबर नव्हते. आम्ही त्यांना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता."

आता नेमके काय झाले ते समजून घेऊ, कारण यात नशिबाचा भाग नाही. आपण ब्राउझरमध्ये टाइप करतो ती अक्षरे आधी फक्त त्या उघड्या पानाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. ती सर्व्हरवर पोहोचली किंवा यंत्रातच नीट नोंदवली गेली, तरच टिकतात. पान बंद झाले, रिफ्रेश झाले, किंवा जागा कमी पडली म्हणून मोबाइलने मागे उघडा असलेला टॅब काढून टाकला, की संपले. आमच्या बाबतीत लॉगिनची मुदत संपली होती. आम्ही टाइप करत होतो, पण सर्व्हरच्या दृष्टीने आम्ही तिथे नव्हतोच.

यावर उपाय नाहीत असे नाही. 'बदल सेव्ह झालेले नाहीत, पान सोडायचे का?' असा इशारा देता येतो, पण तो साइट बनवणाऱ्याने बसवलेला असेल तरच दिसतो, आणि मोबाइलवर ॲप सरकवून बंद केले तर त्याचा भरवसा नाही. थोड्या थोड्या वेळाने मसुदा आपोआप ब्राउझरमध्ये ठेवता येतो. वर्डप्रेस मूळ मांडणीत दर 60 सेकंदांनी मसुदा जपते. गुगल डॉक्स नेट असताना आपोआप सेव्ह करते. मात्र ऑफलाइनची सोय नेट असतानाच आधी चालू करून ठेवावी लागते.

म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. मग ते बसवायचे कुठे आणि कुणासाठी, हा निर्णय माणसांचा आहे. अखंड वीज, स्वतःचे यंत्र आणि न तुटणारे नेट गृहीत धरून एडिटर बनवला, तर ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याचेच लेखन आधी जाते. ऑफिसातल्या माणसाचा अहवाल गेला तर त्याची संध्याकाळ वाया जाते. पीडिताचा जबाब गेला तर त्याला ते दुःख पुन्हा भोगावे लागते. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या सांगण्यात फरक पडला, तर उद्या समोरचा वकील त्याच फटीत बोट घालतो.

मसुदा जपण्याचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. 6 डिसेंबर 1956 नंतर बाबासाहेबांची कितीतरी हस्तलिखिते अपुरी, अप्रकाशित राहिली होती. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड 1979 साली आला. वसंत मून यांच्या संपादनाखाली पुढच्या खंडांत अपुरे मसुदेही छापले गेले. ते कागद कुणीतरी जपले, म्हणून आज आपण त्यांच्यावर वाद घालू शकतो. अपुरा मसुदासुद्धा पुरावा असतो.

पण जपण्याला दुसरी बाजूही आहे. नेट कॅफेतल्या यंत्रावर ब्राउझरने ठेवलेला मसुदा पुढच्या गिऱ्हाईकाला दिसू शकतो. त्यात साक्षीदारांची नावे असतील तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. तसेच गुगल डॉक्समध्ये खोडलेले नाव जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात राहते, आणि ज्याला बदल करण्याची परवानगी आहे तो ते पाहू शकतो. म्हणून बाहेर पाठवताना आम्ही आता नवी प्रत काढून तीच देतो. नव्या प्रतीत जुना इतिहास येत नाही.

एम.ए. समाजशास्त्राला असताना क्षेत्रटिपणे त्याच दिवशी वहीत लिहावीत, असे आम्हाला शिकवले होते. लॅपटॉप आला आणि आम्ही वही सोडली, ही चूक आमची. एडिटर बनवणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, पण ते सुधारेपर्यंत आजींनी थांबावे, असे म्हणता येणार नाही. म्हणून आमचे नियम साधे आहेत. जबाब आधी वहीत, मग यंत्रातल्या साध्या फाइलमध्ये, आणि शेवटी पोर्टलच्या चौकटीत चिकटवायचा. थेट चौकटीत काही लिहायचे नाही. उठण्यापूर्वी फाइल एकदा बंद करून पुन्हा उघडून पाहायची. वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा किंवा सही घ्यायची. दुसऱ्याचे यंत्र असेल तर फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन तिथली पुसायची आणि लॉगआउट करायचे.

आजींचा अर्ज दाखल झाला. त्यात बाजूला झालेल्या त्या माणसाचा उल्लेख नाही. तो कदाचित साक्षीदार झाला असता, कदाचित नसता. आता ते कळायला मार्ग नाही, आणि याला आजी जबाबदार नाहीत.

जयभीम.