गाव कोणतं, शिक्षण किती

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या आईचा उजवा खांदा दुखू लागला. लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे आम्हा डॉक्टरांसाठी सांधेदुखीचा हंगाम. खांदा, गुडघा नाही तर कंबर धरून आलेल्या मंडळींनी दवाखान्याचा बाक भरलेला असतो. आईचे वय तेव्हा ७४. खांदा आखडला आहे, हे निदान मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्याच केले. भाकरी पूर्वीसारखी गोल होत नाही, असे ती म्हणाली. तेही मी खांद्याच्याच खात्यावर मांडले.

वेदनाशामक गोळ्या झाल्या, शेक झाला, मलम झाले. मध्येच तिला चक्कर आल्यासारखे वाटू लागले, म्हणून सिनारिझिनची गोळी सुरू केली. चक्करेसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ही गोळी. ती चार दिवसांत थांबवायला हवी होती. पण आईला बरे वाटले आणि गोळी चालू राहिली. मुलगाच डॉक्टर असला की औषधाचा कागद तपासणारा दुसरा कोणी घरात नसतो.

आठ महिन्यांनी मी तिला तळेगावच्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "सर, आईंचा उजवा हात चालताना हलत नाही. डावा हलतो. हे फक्त खांद्यामुळे असेल, असं मला वाटत नाही." मला पहिल्या क्षणी राग आला, हे लिहायला संकोच वाटतो, पण तो आला. मी तीस वर्षांचा अनुभवी डॉक्टर, आणि ही मला माझ्याच आईची चाल समजावून सांगणार? त्या संध्याकाळी मी आईला अंगणात चालायला लावले. हात खरोखरच हलत नव्हता. तो आठ महिने माझ्यासमोर तसाच लटकत होता.

पुण्यातील ज्या न्यूरॉलॉजी क्लिनिकमध्ये आम्ही नंतर जाऊ लागलो, तेथे आईने पहिल्या दिवसापासून एक चौकशी सुरू केली. जो समोर येईल त्याला ती विचारते, "गाव कोणतं तुमचं?" मला प्रथम अवघडल्यासारखे होई. मग लक्षात आले, की दारावरच्या पाट्या वाचत मीही तेच करत होतो. फक्त माझा प्रश्न होता, शिक्षण किती? वृद्ध रुग्णांना आणि त्यांना घेऊन येणाऱ्या मुला-सुनांना हे दोन्ही प्रश्न पडतात. विचारायचे धाडस मात्र होत नाही. पांढरा कोट घातलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी डॉक्टर असतो.

आईच्या न्यूरॉलॉजिस्टांचे गाव लातूरकडचे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एवढे कळल्यावर आईचे समाधान झाले. माझे समाधान पाटीवरील 'डी.एम. न्यूरॉलॉजी' या शब्दांनी झाले. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर मेडिसिन किंवा बालरोग या विषयातील एम.डी.ची तीन वर्षे आणि त्यावर डी.एम.ची आणखी तीन. प्रवेशपरीक्षांत गेलेली वर्षे यात धरलेली नाहीत. काहींच्या नावापुढे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. किंवा डीआर.एन.बी. ही पदवी दिसेल. तीही त्याच तोडीची. मेंदूची शस्त्रक्रिया करणारे न्यूरोसर्जन वेगळ्या वाटेने, एम.सीएच. करून येतात. कंपवाताच्या रुग्णाला घेऊन थेट त्यांच्याकडे जाणारी कुटुंबे मी दरवर्षी पाहतो.

पाटीवरचा नुसता 'न्यूरो' हा शब्द म्हणजे पदवी नव्हे. मावळातल्या एका पक्षाघाताच्या रुग्णाला घरच्यांनी 'न्यूरो' अशी पाटी असलेल्या ठिकाणी चार महिने मालिशीला नेले. तेथे त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या गेल्या, आणि त्याला दुसरा झटका आला. आज तो अंथरुणावर आहे. त्या घरच्यांना दोष द्यायला मी धजत नाही. पाटी कशी वाचावी, हे त्यांना मीही कधी सांगितले नव्हते. म्हणून आता सांगतो. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर छापावा, असा नियम आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि तिच्या संकेतस्थळावर नाव पडताळता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितले, तर दोन मिनिटांचे काम. यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नाही. माझा क्रमांक कोणी विचारला, तर मला बरेच वाटेल. आजवर कोणी विचारलेला नाही.

पहिल्या भेटीत त्या डॉक्टरांनी आईला बोटे जुळवून उघडझाप करायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, खुर्चीतून हात न टेकता उठवले, व्हरांड्यात चालवले, मागे उभे राहून खांद्यांना हलकासा झटका दिला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "चक्करेची किंवा उलटीची कुठली गोळी चालू होती का?" मी सांगितले. कोणी दिली, हेही सांगितले. ते काहीच बोलले नाहीत. गोळी बंद करायला सांगून त्यांनी तीन महिन्यांनी बोलावले. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड, अशा काही औषधांनी वृद्धांमध्ये कंपवातासारखीच लक्षणे उमटतात, आणि असलेला कंपवात वाढतो. हे मी पुस्तकात वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेही असेन. तीन महिन्यांत आईचा चेहरा बराच मोकळा झाला. उजवा हात मात्र तसाच राहिला. आजार खरा होता, मी त्यावर माझी भर घातली होती. त्यानंतर लेव्होडोपा सुरू झाले.

आमच्या शिक्षणात न्यूरॉलॉजी किती होती? मेडिसिनच्या वॉर्डात त्या महिन्यात जेवढे मेंदूचे रुग्ण आले, तेवढी. उरलेली पुस्तकातली. आमच्या आधीच्या पिढीला तर विशेषज्ञ दिसायचा तो मुंबईतच. डॉ. नोशीर वाडिया लंडनहून शिकून परतले आणि १९५७ मध्ये त्यांनी जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभारला. तोल जाणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद आहे, हे त्यांनी टिपले आणि १९७१ मध्ये त्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे जनुक पुढे कित्येक वर्षांनी सापडले. एम.आर.आय. यंत्रे नव्हती तेव्हाचे हे काम. "एवढे पैसे भरले आणि मशीन लावलंच नाही," अशी तक्रार माझ्याकडे येऊन करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. कंपवाताचे निदान आजही मुख्यतः पाहून आणि तपासूनच होते, एम.आर.आय. काढतात तो बहुधा दुसरे काही नाही ना, हे बघायला.

आणि ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते जेम्स पार्किन्सन लंडनच्या एका वस्तीतले साधे वैद्य होते, माझ्यासारखेच जनरल प्रॅक्टिशनर. १८१७ मध्ये त्यांनी सहा रुग्णांवरून या आजाराचे वर्णन लिहिले. त्यांतले काही जण त्यांना केवळ रस्त्याने जाताना दिसले होते. दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने रस्त्यावरच्या अनोळखी लोकांची चाल पाहिली. मला घरातल्या माणसाची दिसली नाही.

क्लिनिकमधील इतर मंडळींबद्दल मात्र कुटुंबांना फारच कमी माहिती असते. स्पीच थेरपिस्टकडे पाठवले, की "आईचं बोलणं तर ठीक आहे" म्हणून लोक ती चिठ्ठी खिशात घालून घरी जातात. मीही जवळजवळ तेच केले होते. पाणी पिताना आईला ठसका लागत होता, आणि गिळण्याची तपासणी हेही त्यांचेच काम असते. ही मंडळी वाचा-श्रवण विषयाची चार वर्षांची पदवी घेतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्या बाईंनी आईला हनुवटी खाली घेऊन घोट घ्यायला आणि जेवताना टीव्ही बंद ठेवायला शिकवले. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया अशा रुग्णांच्या जिवावर बेततो, हे ठाऊक असूनही ठसक्याकडे मी म्हातारपण म्हणूनच पाहत होतो. हनुवटीची ही युक्ती सर्वांनाच लागू पडते असे नाही. आपल्या माणसासाठी काय, ते तपासूनच ठरवावे लागते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हेही पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का, असे समजून आई दाराशीच अडून बसली. तो तरुण बाहेर येऊन तिच्याशेजारी बाकावर बसला. त्यालाही गाव विचारून झाले. स्मरणशक्तीच्या चाचणीत आज तारीख कोणती, असा एक प्रश्न असतो. तारीख तिला सांगता आली नाही. त्याने तिथी विचारली. ती तिने अचूक सांगितली, वर परवा एकादशी आहे हेही सांगितले. माझी आई चौथी शिकलेली. तारखेवरूनच तिचे गुण मोजले असते, तर कागदावर ती विसराळू ठरली असती. तंत्रज्ञांबद्दल एवढेच सांगतो, की डोक्याला किंवा हातापायांना तारा लावणाऱ्या मुलाला "काय निघालं?" असे विचारू नका. त्याचे काम आलेख नीट काढण्याचे आहे, अर्थ लावण्याचे नाही. तो गप्प राहतो ते उद्धटपणामुळे नव्हे.

आता त्या फिजिओथेरपिस्टविषयी. साडेचार वर्षांची पदवी आणि मज्जासंस्थेच्या विषयात दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, असे तिचे शिक्षण. तिचे गाव मुळशीतले, म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडचे. पुढे आईचे पाय दाराच्या उंबऱ्याशी खिळू लागले. या आजारात असे होते. मोकळ्या जागेत चालणारा माणूस दारात, वळणावर, लोकलच्या डब्यापाशी अचानक थबकतो, आणि घरचे मागून ढकलू लागतात. ढकलले की रुग्ण पडतो. तिने उंबऱ्याआधी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पट्टी दिसली की पाय उचलला जातो. मग ठेक्यावर पाऊल टाकायची सवय लावायची होती. मोबाइलमधली टिकटिक आईला आवडेना. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आजी, जात्यावर बसल्यावर काय म्हणायचा, ते म्हणा बघू." तिची आजी दळायला बसायची, म्हणून तिला हे सुचले. पदवीच्या पुस्तकात ठेका होता, जाते नव्हते. आई आता मनातल्या मनात ओवी धरते आणि उंबरा ओलांडते. कधीकधी मोठ्याने म्हणते, मग सारे घर थांबून ऐकते.

लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यायची, कारण डाळ-दुधातली प्रथिने तिला आतड्यात अडवतात. हे वेळापत्रक माझी पत्नी सांभाळते. मी दवाखान्यात असतो. तिचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. गोळीचा असर कोणत्या वेळी उतरतो, याची तिने केलेली वही न्यूरॉलॉजिस्ट माझ्या तोंडी वर्णनाआधी पाहतात. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाविषयीही तिनेच प्रथम शोधले. रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे यांचा तो आधारगट आहे; ज्यांच्या घरी हा आजार नव्याने आला आहे, त्यांनी त्यांच्याशी बोलावे.

पुढची भेट या महिन्याअखेरीस आहे. फाइलच्या पहिल्या पानावर मी आईच्या आजवरच्या सर्व औषधांची यादी चिकटवली आहे. औषध, कधीपासून कधीपर्यंत, कोणी दिले. सिनारिझिनसमोर माझे नाव आहे. क्लिनिकमध्ये स्वागतकक्षात एक नवी मुलगी आली आहे, असे पत्नी फोनवर बोलताना आईच्या कानावर पडले. ती कुठली, हे अजून कळलेले नाही, म्हणून आईला जायची घाई आहे.