पंचरंगीच्या गोष्टी
आमच्या चाळीत वडीलधाऱ्यांच्या गप्पा क्रिकेटच्या पंचरंगी सामन्यांवर आल्या की जेवणं लांबायची. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘दि रेस्ट’ असे धर्मावर पाडलेले संघ, पण त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आजोबा ब्रेबोर्न स्टेडियमवरचा 1943 चा सामना तर अगदी रंगवून सांगायचे. विजय मर्चंट नाबाद 250, हिंदूंचा धावांचा डोंगर. फॉलोऑननंतर रेस्टच्या 387 धावांत एकट्या विजय हजारेंच्या 309! भाऊ विवेकच्या जेमतेम 21, पण त्याला हाताशी धरून जोडलेली भागीदारी तीनशेची. सांगलीचे हजारे ‘रेस्ट’मध्ये का, हे मात्र आजोबांनी कधी सांगितलं नाही. हजारे ख्रिस्ती होते, एवढंच कारण.

पालवणकर बाळूंचंही नाव निघायचं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा डावखुरा फिरकी गोलंदाज! गोष्ट तिथेच संपायची.

पुढची गोष्ट अभ्यासकांनी सांगितली. इतिहासकार रामचंद्र गुहांचं 2002 चं पुस्तक आलं आणि बाळू मला पहिल्यांदा अख्खे दिसले. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रोळ फिरवायचा, नेट बांधायचं, साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र हाती मिळायची नाही. हिंदूंनी संघात घेतलं तेही मैदानापुरतंच. चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशी घेऊन बसलेले आणि चांभार जातीचे बाळू बाहेर, हातात मातीचं भांडं. धाकटे भाऊ विठ्ठल 1923 मध्ये हिंदूंचे कर्णधार झाले, तेही बरीच भांडणं झाल्यावर.

आज खेळाचा अभ्यास आणखी पुढे गेलाय. 2006 च्या दोहा एशियाडमध्ये धावपटू शांती सौंदरराजनचं रौप्यपदक लिंगचाचणीवरून काढून घेतलं, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे थोडेच होते. 2014 मध्ये धावपटू द्युती चंदला संप्रेरकांच्या नियमावरून बाहेर बसवलं, तेव्हा पयोष्णी मित्रांसारख्या अभ्यासक तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. निरोगी मुलीला पळण्यासाठी औषधं घ्यायला लावणं वैद्यकीय नीतीत बसतं का, असं थेट विचारलं गेलं. 2015 मध्ये क्रीडा लवादाने तो नियमच स्थगित केला. अभ्यासाचं मोल याहून वेगळं काय असतं?

आजोबांच्या बोलण्यातली लज्जत शोधनिबंधांना नाही, हे खरंच. मला त्या गप्पांची आजही ओढ वाटते. पण जास्त सलते ती दुसरी गोष्ट. विठ्ठल पालवणकरांनी आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलं होतं, गुहांनी ते वाचलं, वापरलं. आणि आम्ही मराठी वाचक बाळूंपाशी पोचलो ते इंग्रजीतून. आता तरी मराठीतल्या एखाद्या तरुण अभ्यासकाने आझाद मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांवर रोळ ओढणाऱ्या माळ्यांकडे जावं. ते कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, पगार किती, त्यांच्यातल्या कुणाला कधी चेंडू टाकायला मिळाला का, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावं.