टिक म्हणजे गोचीड!
मी नवघरचा, शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. 'टिक' म्हणजे वहीतली बरोबरची खूण, एवढंच माहीत! खरी टिक, म्हणजे गोचीड, पायाला चिकटली ती दोडामार्गला, मामाच्या काजूच्या बागेत. मामेभाऊ काडेपेटी घेऊन धावला. मामी ओरडली, "थांब रे झिला, चटका नको!" तिने चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढली, जागा साबणाने धुतली. म्हणाली, "आता ताप येतो का बघायचं."

कर्नाटकात १९५७ साली प्रथम सापडलेला माकडताप २०१६ मध्ये या तालुक्यात पसरला, तो गोचिडींमुळेच. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच. मामीला सुट्टी कुठली?

मित्रांनो, आपण तर हौसेने रानात जातो. पँट मोज्यात खोचा, परतल्यावर अंग तपासा. फॅशन नंतर!