मागच्या रांगेतले चाचा

गेल्या हिवाळ्यात अम्मीला घेऊन उमराहला निघालो. मुंबई ते जेद्दा हा पाच-साडेपाच तासांचा प्रवास, विमान रात्री दोनचे. पुढे मक्केपर्यंत रस्त्याने जायचे आणि लगेच तवाफ. म्हणून विमानात अम्मीचा डोळा लागावा, एवढीच माझी इच्छा होती.

मागच्या रांगेत रत्नागिरीकडची मंडळी होती. दिवे मंद झाले तरी पलीकडच्या सीटवरच्यांना हाका मारणे चालूच. त्यातले एक चाचा मोबाईलवर मोठ्याने बयान ऐकत होते. मी दोनदा वळून पाहिले. तिसऱ्यांदा उठून ओरडलो, "चाचा, हे तुमचे घर आहे का?"

चाचांनी मोबाईल बंद केला. शेजारच्या खाला हळूच म्हणाल्या, "बेटा, पहिल्यांदाच विमानात बसलोय. त्यांच्या कानांत दडे बसलेत, म्हणून आवाज वाढवला."

मी खाली बसलो. नियत मीकातला करायची होती, पण एहरामच्या चादरी मुंबईलाच अंगावर घेतल्या होत्या. ज्या हालतीत भांडणतंटा मना आहे, तिच्या उंबरठ्यावर मी एका बुजुर्गाला चारचौघांत खजील केले होते. अम्मी जागीच होती. काही बोलली नाही; पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून माझ्या हातात ठेवल्या.

त्या चाचांना दिल्या. गोळी चघळताना सारखे गिळले जाते, त्याने कानाच्या आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. थोड्या वेळाने ते हसून म्हणाले, "खुलले!" मग त्यांचा आवाजही आपोआप खाली आला. इंजिनाची घरघर आणि बसलेले कान, यांमुळे आपण किती मोठ्याने बोलतो ते बोलणाऱ्यालाच कळत नाही.

रात्रीच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी मेडिकलमधून कानात घालायचे बोळे घ्यावेत. स्वयंपाकघर आणि शौचालयाजवळची सीट टाळावी. शेजाऱ्याला आधी नरमाईने सांगावे. नाहीच ऐकले तर विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगावे. ओरडू मात्र नये.

मीकात जवळ आल्याची घोषणा झाली आणि सारे विमान तलबियाने भरून गेले. सर्वांत मोठा आवाज चाचांचाच होता. जेद्दाला इमिग्रेशनच्या रांगेत मी त्यांची माफी मागितली. त्यांनी खिशातून उरलेली एक गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.