बीप बीप खडकवासला

मे महिन्यातला खडकवासला बघितलाय कधी? चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खाऊन, दोन-चार फोटो काढून संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांना तो दिसतच नाही. त्यासाठी सकाळी सातच्या आत पोहोचायला हवं. पाणी आत सरकलेलं असतं, काठाचा गाळ वाळून भेगाळलेला असतो आणि त्यावर बगळे सोडले तर कुणी नसतं. पावसाळ्यात जिथे लाटा असतात, तिथे आता गुरांच्या पायवाटा दिसतात.

अशा ठिकाणी माणसाला एकच विचार सुचतो : इथे काय काय पडलं असेल!

हिंजवडीतल्या माझ्या एका मित्राला तो जरा जास्तच सुचतो. दोन वर्षं तो ऑनसाइटला इंग्लंडमध्ये होता. येताना लोक परफ्यूम आणि चॉकलेटं आणतात, यानं मेटल डिटेक्टर आणला. तिकडे शनिवार उजाडला की माणसं हेडफोन लावून शेतातून, समुद्रकाठावरून यंत्र फिरवत असतात. जुनी नाणी सापडली की त्यांची नोंद करून घेणारी सरकारी योजनाही तिथे 1997 पासून आहे. आपल्याकडे हे जमेल का? मित्र म्हणाला, चल, बघूच.

धरणाच्या काठावर यंत्र काढायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. ती जमीन सरकारी, पाणी अख्ख्या पुण्याच्या पिण्याचं, आणि पलीकडच्या काठाला एनडीएची हद्द. तिथे कानाला हेडफोन लावून जमीन हुंगत फिरणाऱ्या दोघांना कुणी हौशी नाणेसंग्राहक समजेल असं वाटत नाही. म्हणून आम्ही गेलो डोणज्याच्या बाजूला, त्याच्या मामांच्या शेतात. नांगरलेली जमीन, समोर सिंहगड. गडावर जाणारा-येणारा माणूस या भागातून शतकानुशतकं चाललाय. एखाद्याच्या कमरेच्या कशातून पैसा पडला नसेल कशावरून?

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. खालच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातू आडवा आला की त्यात बारीक वीजप्रवाह फिरतो, त्याचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि आपल्या कानात ‘बीप’. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. पण सह्याद्रीचा हा काळा कातळ लोहखनिजांनी भरलेला. त्यामुळे यंत्र इथे दगडालाही बीप देतं आणि मातीलाही. इंग्लंडच्या शेतात शहाण्यासारखं वागणारं ते यंत्र डोणज्यात पहिला अर्धा तास नुसतं किंचाळत होतं. मग सेटिंग बदलून, जमिनीचा आवाज वजा करून पुन्हा सुरुवात.

पहिला बीप : सोड्याच्या बाटलीचा बिल्ला. दुसरा : बैलाच्या पायाचा गंजका नाल. तिसरा, चौथा, पाचवा : बिल्ले. सहाव्याला मात्र चार बोटं मातीखालून भोकाचा पैसा निघाला! 1943 ते 1947 मध्ये पाडलेला, मधोमध मोठं भोक असलेला तो ब्राँझचा पैसा. माझ्या आजीकडे दोऱ्यात ओवलेले असे बरेच होते. किंमत म्हणाल तर फार नाही. पण हातात घेतल्यावर आम्ही दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही. हे एकवीस दिवसांच्या अप्रेझल सायकलमध्ये होत नाही.

मामा मात्र बांधावरून अस्वस्थपणे बघत होते. शेजारच्या शेतातून दोघं-तिघं थबकून गेले होते. “गावात आवई उठायला वेळ लागत नाही,” मामा म्हणाले. “गुप्तधन काढतायत म्हणतील.” हा शब्द आपल्याला ऑफिसात बसून मजेशीर वाटतो. गावाकडे त्याला काळी बाजू आहे. गुप्तधनाच्या नावानं भोंदूंनी केलेले अघोरी प्रकार इतके झाले, की 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला.

चहा घेताना मामांनी देवघरातून एक तांब्याचा जाडजूड तुकडा आणला. शिवराई! एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीवर ‘छत्रपति’, कडेला ठिपक्यांची माळ. 1674 च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं पुढेही बराच काळ पाडलं आणि वापरलं गेलं, त्यामुळे हातातली शिवराई थेट महाराजांच्या काळातलीच असेल असं नाही. मामांच्या वडिलांना ती नांगरताना मिळाली होती. मित्रानं विचारलं, “कुठल्या शेतात?” मामांनी खिडकीबाहेर हात केला. त्या हातात सिंहगडापासून धरणापर्यंतचा सगळा मुलूख आला.

मला खरी हळहळ वाटली ती इथे. तांब्याचा तुकडा घरात राहिला, पण तो कुठे होता, किती खोल, शेजारी खापरं होती की चुलीची राख, हे सगळं गेलं. अभ्यासकाला नाण्याइतकीच त्याची जागा हवी असते. भराभर उकरून काढणारा यंत्रवाला नेमकं तेच पुसून टाकतो.

आणि जागा सांगायची भीती का वाटते, तेही उघड आहे. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! चौपाटीवर तेवढ्यात कणीसही येत नाही. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्यासाठी कायदा तसा वाईट नाही. मालक कुणी निघाला नाही, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. सरकारनं ठेवून घ्यायचं ठरवलं तर किंमत, वर तिचा पाचवा भाग. पण हे माहीत असतं कुणाला? 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत खोदकामात सोन्याची 216 नाणी मिळाली, ती मजुरांनी घरी ठेवली आणि शेवटी पोलीस दारात आले.

परतताना धरणाच्या भिंतीपाशी थांबलो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासलाही फोडलं. पेठांमधली घरं, दुकानं, गल्ले, तांब्या-पितळेची भांडी मुठेनं नेली. नदीकाठी कुठे यंत्र वाजलंच, तर खाली कुणाच्या तरी संसाराचा डबा असू शकतो. मित्रानं यंत्र डिकीतच ठेवलं.

नाण्यांचं वेड लागलंच असेल, तर कुंभारवेशीजवळ जुना बाजार भरतो, बुधवारी आणि रविवारी. तिथे शिवराई मिळते, नकलाही भरपूर. राम-दरबाराचा ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ कुणी दाखवला तर हसून पुढे जा, कंपनीनं असा आणा कधीच काढला नव्हता. घासूनपुसून चकचकीत केलेलं नाणंही घेऊ नका.

आणि खडकवासल्याला जायचंच असेल तर स्वारगेटहून पीएमपीची बस आहे. रविवार टाळा. गाळ वरून वाळलेला दिसतो, आतून नसतो, त्यावर फार पुढे जाऊ नका. कणीस मात्र लिंबू जास्त लावून मागा.